एक महिना थांबा, पण लस घ्याच

प्रश्न : डॉक्टर, माझं वय २९. लग्नाला चार वर्षं झाली आणि गेली दोन वर्षं आम्ही बाळाची वाट बघतोय. परवा तपासणीत माझ्या रक्तात रुबेलाविरुद्धची प्रतिकारशक्ती नाही असं निघालं. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, लस घ्या आणि महिनाभर गर्भधारणा टाळा. दोन वर्षं वाट बघून आता मुद्दाम टाळायचं, हे मनाला पटत नाही. सासूबाई म्हणतात, लहानपणी तुला गोवर येऊन गेलाय असं तुझी आईच सांगते, मग लस कशाला? आणि रुबेला म्हणजे तरी काय, तीन दिवसांत जाणारा ताप. यांना वेगळीच भीती आहे. लसीमुळेच मूल व्हायला अडचण आली तर, असं ते म्हणतात. त्यात माझ्या धाकट्या जावेला तिसरा महिना आहे. माझ्या लसीमुळे तिच्या बाळाला काही झालं, तर मी घरात कोणाला तोंड दाखवू? खरं काय ते सांगा.

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. पुढची पाळी आली की लस घ्या. घेतलेल्या दिवसापासून एक महिना गर्भधारणा टाळा. मग निर्धास्तपणे प्रयत्न सुरू करा. तुमच्या लसीचा तुमच्या जावेला काहीही धोका नाही. उलट तुमच्यासारखी प्रतिकारशक्ती नसलेली माणसं तिच्या आसपास असणं, हाच तिच्यासाठी धोका आहे. आणि तुमच्याबरोबर यजमानांनीही लस घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्या घरात दर महिन्याला आशा आणि निराशेचा फेरा चालू आहे, तिथे 'अजून एक महिना' हे शब्द किती बोचतात याची मला कल्पना आहे. म्हणून हा महिना रिकामा जाऊ देऊ नका. गर्भधारणेसाठी औषधोपचार चालू असतील तर त्या डॉक्टरांना लसीची तारीख सांगा. तुमच्या आणि यजमानांच्या राहिलेल्या तपासण्या याच दिवसांत उरकून घ्या. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून चालू असावी लागते, ती आजच सुरू करा. महिना संपेल तेव्हा तुम्ही आजच्यापेक्षा जास्त तयार असाल.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचे दोन मुद्दे आहेत. त्यातला एक चुकीचा आहे आणि दुसरा अगदी बरोबर आहे, पण त्या बरोबर मुद्द्यातच सगळी मेख आहे.

चुकीचा मुद्दा आधी. गोवर आणि रुबेला हे दोन वेगळ्या विषाणूंचे दोन वेगळे आजार आहेत. गोवर येऊन गेला म्हणजे गोवरापासून संरक्षण मिळालं, रुबेलापासून नाही. शिवाय तुम्हाला लहानपणी आला तो गोवरच होता, हेही आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. अंगावर पुरळ आणि ताप आणणारे विषाणू बरेच आहेत, आणि नुसतं बघून त्यांच्यातला फरक ओळखणं अनुभवी डॉक्टरांनाही जमतंच असं नाही. आईची आठवण खोटी नसते, पण ती पुरावा होऊ शकत नाही. रक्ताच्या तपासणीनं तुमच्यात रुबेलाविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं, नाहीत असं सांगितलंय. इथे त्या अहवालावरच विश्वास ठेवायचा.

दुसरा मुद्दा, की हा तीन दिवसांत जाणारा आजार आहे. खरंच आहे ते. लहान मुलाला रुबेला झाला तर थोडा ताप येतो, चेहऱ्यापासून खाली उतरत जाणारं फिकट गुलाबी पुरळ येतं, कानामागे आणि मानेवर गाठी सुजतात, आणि मूल चार दिवसांत पुन्हा खेळायला लागतं. मोठ्या बायकांना जोडीला बोटं, मनगटं, गुडघे दुखतात. लागण झालेल्या दर चार जणांतल्या एकाला, कधी कधी दोघांना तर काहीच होत नाही. पुरळ नाही, ताप नाही. पण त्यांच्या खोकण्या-शिंकण्यातून विषाणू पसरतच असतो, आणि ज्यांना पुरळ येतं त्यांच्याकडून तो पुरळ दिसायच्या आठवडाभर आधीपासून पसरायला लागतो. म्हणजे सावध व्हायला वेळच मिळत नाही. ज्याला होतो त्याच्यासाठी आजार सौम्य आहे, आणि म्हणूनच तो कोणाच्या लक्षात येत नाही. किंमत मोजावी लागते ती अजून जन्मालाही न आलेल्या जिवाला.

हे जगाच्या ध्यानात यायलाही फार वेळ लागला. १९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग यांना एक विचित्र गोष्ट दिसली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन जन्मलेली तान्ही बाळं एकामागून एक त्यांच्याकडे आणली जात होती. एखादं असतं तर योगायोग म्हटलं असतं. त्यांनी आयांना गरोदरपणाबद्दल विचारायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की बहुतेकींना सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला होऊन गेला होता. आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियात त्याची मोठी साथ येऊन गेली होती. ग्रेग यांनी अशा ७८ बाळांची माहिती मांडली. त्यांतल्या अनेकांच्या हृदयातही दोष होता. तोवर जन्मजात व्यंग म्हणजे वंशातून आलेलं, अशीच समजूत असल्यामुळे पुष्कळ डॉक्टरांना हे पटलं नाही.

पुढे १९५१ मध्ये ऑलिव्हर लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियाच्या जुन्या जनगणना उघडल्या. १९११ च्या जनगणनेत १० ते १४ वर्षांच्या वयोगटात कर्णबधिरांची संख्या अचानक वाढलेली दिसत होती. १९२१ च्या जनगणनेत तीच वाढ २० ते २४ वयोगटात सरकली होती. मुलं तीच होती, फक्त दहा वर्षांनी मोठी झालेली. त्यांच्या जन्माच्या वर्षांच्या आगेमागे रुबेलाची साथ होती. ही सगळी मुलं वाढली, शाळेत गेली, संसाराला लागली, आणि आपण बहिरे का जन्मलो हे त्यांना कोणी सांगू शकलं नाही. मला ग्रेग यांच्या शोधाइतकीच ही गोष्ट महत्त्वाची वाटते. साथ येऊन गेल्यावर लोक ती विसरतात, पण तिचा भार पन्नास-साठ वर्षं कोणीतरी वाहत असतं.

विषाणू पोटात करतो तरी काय? आईच्या रक्तातून तो वारेत शिरतो आणि वारेतून गर्भात. तिथे तो पेशी वाढण्याचा वेग मंदावतो आणि बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो. पहिल्या तीन महिन्यांत डोळ्याचं भिंग, हृदयाचे कप्पे, कानातली ऐकण्याची यंत्रणा हे सगळं आकार घेत असतं. ज्या आठवड्यात जो अवयव घडत असेल त्याच्यावर घाव बसतो. पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला, तर बाळापर्यंत लागण पोहोचून इजा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. कधी गर्भपात होतो, कधी बाळ पोटातच जातं. तेरा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान धोका बराच उतरतो, पण तेव्हाही ऐकणं जाऊ शकतं, आणि पुष्कळदा तेवढंच जातं. विसाव्या आठवड्यानंतर असे दोष क्वचितच आढळतात.

दिवस राहिलेत हे कळेपर्यंत पाच-सहा आठवडे सहज उलटलेले असतात, हे लक्षात घ्या. सर्वांत धोक्याच्या काळातला जवळजवळ निम्मा काळ बाईला पत्ताही लागण्याआधी संपतो. म्हणून 'दिवस गेल्यावर काळजी घेईन' हा विचार इथे उपयोगाचा नाही. आणि लागण झाल्यावर बाळाला वाचवेल असं औषध आजही नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. जन्मजात रुबेला घेऊन आलेली बाळं आणि त्यांची घरं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून या 'साध्या आजारा'बद्दल थोडं सविस्तर लिहिते. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण घरात निर्णय घेताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे.

बाळ वजनानं कमी असतं. बुबुळाच्या मधोमध पांढरी झाक दिसते. मोतीबिंदू काढायचा तर पहिल्या काही आठवड्यांतच काढावा लागतो, कारण मेंदू बघायला शिकतो ते याच काळात, आणि तो काळ गेला की नंतर डोळा साफ करूनही नजर पूर्ण येत नाही. पण त्याच बाळाच्या हृदयात जन्मानंतर बंद व्हायला हवी होती ती रक्तवाहिनी उघडी राहिलेली असते, त्यामुळे भूल द्यायची की थांबायचं यावरच डॉक्टरांची चर्चा चालते. डोळे आणि हृदय लगेच सापडतात. कान सापडत नाहीत. न ऐकणारं बाळ हसतं, आईकडे बघतं, पावलांची हालचाल जाणवली की मान वळवतं. जन्मानंतर लगेच श्रवणचाचणी झाली नाही, तर दोन-अडीच वर्षं 'बोलेल हळूहळू' म्हणण्यात निघून जातात. जन्मजात रुबेलात सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच, आणि काही मुलांत तो एकटाच असतो, त्यामुळे त्याचा रुबेलाशी संबंध कोणाच्या डोक्यातही येत नाही.

काही मुलांचा मेंदू नीट वाढत नाही. काहींना स्वमग्नता असते. डोळ्यातला दाब वाढण्याची टांगती तलवार पुढेही राहते. मोठेपणी मधुमेह आणि थायरॉईडचे विकार यांच्यात इतरांपेक्षा जास्त दिसतात. आणि एक गोष्ट तर ऐकणाऱ्यालाही सहन होत नाही. असं बाळ वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ विषाणू बाहेर टाकत राहतं. आधीच खचलेल्या आईला घरातल्या गरोदर बायकांना सांगावं लागतं की माझ्या बाळाला उचलू नका.

बहिरं किंवा आंधळं मूल म्हणजे घरावर आलेलं संकट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ही मुलं शिकतात, काम करतात, प्रेम करतात. पण डोळे आणि कान दोन्ही अधू असलेल्या मुलाला शिकवायला लागणारी माणसं, यंत्रं, शस्त्रक्रिया, वेळ हे सगळं बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर असतं. आई-बापातल्या एकाची नोकरी सुटते. भावंडं आपली आपण वाढतात. आणि आई आयुष्यभर त्या तीन महिन्यांत आपलं काय चुकलं ते शोधत राहते. तिचं काहीच चुकलेलं नसतं. बहुतेक वेळा तिला आजार झाल्याचंसुद्धा आठवत नाही.

एक साथ किती घरांवर हे आणू शकते? १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाचे सुमारे सव्वा कोटी रुग्ण झाले. सुमारे २० हजार बाळं जन्मजात रुबेला घेऊन आली. त्यांतली ११ हजारांहून जास्त बहिरी होती, साडेतीन हजारांच्या आसपास अंध. सुमारे २,१०० बाळं जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेली, आणि हजारो गर्भ जन्मालाच आले नाहीत. पुढे ही मुलं शाळेच्या वयाची झाली, तेव्हा कर्णबधिरांच्या शाळांमध्ये जागा पुरेनात.

त्या साथीनंतर लसीच्या कामाला वेग आला. पहिली लस १९६९ मध्ये वापरात आली. आज जगात बहुतेक ठिकाणी दिली जाते ती स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत तयार केलेल्या, दुबळ्या विषाणूच्या वाणाची. त्याचं नाव आरए २७/३. या लसीच्या एका मात्रेनंतर शंभरातल्या पंच्याण्णवाहून जास्त जणांना दीर्घकाळ टिकणारं संरक्षण मिळतं. लस एकटी क्वचितच मिळते. बहुतेक ठिकाणी ती गोवर-रुबेला किंवा गोवर-गालगुंड-रुबेला अशी एकत्रच येते. तुम्हाला गोवर खरोखरच येऊन गेला असेल, तरी एकत्र लस घेतल्यानं काही बिघडत नाही.

यजमानांची शंका मी हलक्यात घेत नाही. मुलाची आस लागलेल्या माणसाला असली भीती वाटणारच. पण पन्नासहून अधिक वर्षं ही लस कोट्यवधी मुलामुलींना दिली गेली आहे. त्यांतल्या कित्येक मुली आज आज्या झाल्या आहेत. ही लस बीजकोशावर, गर्भाशयावर किंवा शुक्रजंतूंवर काही परिणाम करते असं कुठेही दिसून आलेलं नाही. लसीमुळे मुलांना स्वमग्नता (ऑटिझम) होते, ही अफवाही तुमच्या कानावर येईल. ती १९९८ मधल्या एका शोधनिबंधातून सुरू झाली, आणि तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. स्वमग्नतेशी संबंध आहे तो जन्मजात रुबेलाचा, म्हणजे लस ज्याला अडवते त्याच आजाराचा.

लसीचा त्रास होतच नाही असं मात्र सांगणार नाही. दंड दुखेल. आठवडाभरानं थोडा ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकतं. तुमच्या वयाच्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या बायकांमध्ये चौघींतल्या एकीचे सांधे दुखतात. एक ते तीन आठवड्यांनंतर बोटं किंवा गुडघे आखडल्यासारखे वाटतात आणि मग आपोआप मोकळे होतात. तसं झालं तर घाबरून जाऊ नका. रोगप्रतिकारशक्ती फारच कमी करणारा आजार असेल, मोठ्या मात्रेत स्टिरॉईड चालू असतील, गेल्या काही महिन्यांत रक्त चढवलं असेल किंवा आधी या लसीची गंभीर अ‍ॅलर्जी आली असेल, तर घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

मग महिनाभर थांबायचं कशासाठी? लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो गर्भापर्यंत पोहोचण्याची शक्यता शून्यच ठेवायची, एवढ्या सावधगिरीपोटी हा नियम आहे. तो पाळाच. पण समजा, लस घेतली आणि नेमके त्याच महिन्यात दिवस राहिले. अमेरिकेत १९७१ ते १९८९ या काळात, प्रतिकारशक्ती नसताना गर्भधारणेच्या थोडं आधी किंवा नंतर अनवधानानं लस घेतलेल्या तीनशेहून अधिक बायकांची नोंद ठेवली गेली. एकाही बाळाला जन्मजात रुबेला झाला नाही. पुढे लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या मोहिमांमध्येही तसं एकही बाळ आढळलं नाही. म्हणून तसं घडलं तर डॉक्टरांना कळवा, पण गर्भ काढून टाकायचा विचार त्या कारणासाठी मनातही आणू नका. तुम्हाला कोणी तसा सल्ला दिलाच, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

आता यजमानांनी लस का घ्यावी ते सांगते. 'गरोदर बायकांचा प्रश्न, मग लस बायकांनाच द्या' हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. जपाननं १९७७ पासून नेमकं तेच केलं. माध्यमिक शाळेतल्या मुलींनाच लस दिली, मुलांना नाही. ती मुलं मोठी झाली, कामाला लागली, आणि २०१२-१३ मध्ये रुबेलाची साथ आली ती या वीस ते पन्नाशीच्या घरातल्या पुरुषांमध्ये. दोन वर्षांत १६ हजारांहून अधिक रुग्ण झाले. या पुरुषांनी कामाच्या ठिकाणाहून विषाणू घरी आणला आणि ४५ बाळं जन्मजात रुबेलासह जन्मली. कोणत्याही लसीनं संरक्षण न मिळालेल्या थोड्या बायका नेहमीच राहतात. त्यांना वाचवायचं असेल तर विषाणूला आसपास फिरायलाच जागा ठेवता कामा नये.

ग्रीसमध्ये वेगळ्या प्रकारची चूक झाली. तिथे १९७५ च्या सुमारास लहान मुलांसाठी लस आली, पण वर्षानुवर्षं निम्म्या मुलांनासुद्धा ती मिळत नव्हती. त्यामुळे विषाणूचं फिरणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. पूर्वी बालपणीच लागण होऊन मुली सुरक्षित व्हायच्या, आता त्या लागण न होता आणि लस न घेता बाळंतपणाच्या वयाला पोहोचल्या. १९९३ मध्ये साथ आली तेव्हा देशात जन्मजात रुबेलाच्या २५ बाळांची नोंद झाली. ही लस अर्धवट राबवली तर काही काळ नुकसानच होऊ शकतं. सरकारांनी नेटानं लसीकरण करायला हवं ते यासाठी, आणि आपण 'बाकीच्यांनी घेतली आहे ना' म्हणून मागे राहायचं नाही तेही यासाठी.

नेटानं केलं तर काय होतं, हेही जगानं पाहिलंय. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांनी मुलांबरोबर मोठ्या स्त्री-पुरुषांनाही मोहिमा काढून लस दिली आणि २०१५ मध्ये तो सगळा भूभाग स्थानिक रुबेलापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. जगभरात २०१० च्या सुमारास वर्षाला एक लाखाच्या आसपास बाळं जन्मजात रुबेला घेऊन येत होती. २०१९ साठीचा अंदाज ३२ हजारांचा आहे. मध्यंतरी उपचारात काही नवा शोध लागला नव्हता. अधिक देशांनी लस द्यायला सुरुवात केली होती. उरलेली ३२ हजार बाळं मात्र मला स्वस्थ बसू देत नाहीत, कारण यातलं जवळजवळ प्रत्येक बाळ एका टोचणीनं वाचलं असतं, आणि ती टोचणी बाळाला नव्हे, त्याच्या आईला किंवा तिच्या आसपासच्या कोणाला तरी द्यायची होती.

शेवटी तुमची जाऊ. लस घेतलेल्या माणसाकडून लसीतला विषाणू घरातल्या गरोदर बाईला लागत नाही. इतक्या वर्षांच्या वापरात तसं दिसलेलं नाही, म्हणून घरात गरोदर बाई आहे या कारणासाठी कोणाचीही लस थांबवत नाहीत. तुम्ही, यजमान, दीर, घरातली मुलं या सगळ्यांची लस पूर्ण असणं हेच आज तिचं कवच आहे, कारण तिला स्वतःला गरोदरपणात ही लस घेता येत नाही.

तिची रुबेलाची तपासणी झाली आहे का, ते विचारा. झाली नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे विषय काढायला सांगा. प्रतिपिंडं पुरेशी निघाली तर काळजी मिटली. नाही निघाली तर घाबरायचं कारण नाही, पण ताप-पुरळ आलेल्या कोणाहीपासून तिनं दूर राहायचं. तसा संपर्क आलाच, तर अंगावर काही दिसायची वाट न बघता लगेच डॉक्टरांना सांगायचं. मग दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा रक्त तपासून लागण झाली की नाही ते ठरवतात.

इथे एक इशारा देते, कारण यात मी घरं विनाकारण हादरलेली पाहिली आहेत. गरोदरपणात एकगठ्ठा केल्या जाणाऱ्या तपासण्यांमध्ये रुबेलाचं आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीत आधी तयार होणारं प्रतिपिंड, कधी कधी पॉझिटिव्ह येतं. पुरळ नसताना आणि कोणाशी संपर्कही आलेला नसताना आलेला असा अहवाल बऱ्याचदा चुकीचा असतो. दुसऱ्याच एखाद्या विषाणूमुळे किंवा रक्तातल्या संधिवाताच्या घटकामुळेही (ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर) तो तसा येतो, आणि जुन्या लसीनंतर किंवा लागणीनंतर आयजीएम बराच काळ रेंगाळूही शकतं. त्या एका कागदावर गर्भाचा निर्णय कधीही करायचा नाही. आयजीजी या दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिपिंडाची पातळी पुन्हा बघायची, ते विषाणूला किती घट्ट धरतं हे सांगणारी एव्हिडिटी नावाची चाचणी करायची, लागण जुनी की ताजी ते समजून घ्यायचं आणि मगच बोलायचं.

जाऊबाईंची प्रतिकारशक्ती कमी निघाली असेल, तर बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी निघायच्या आधीच तिला लस द्यायला सांगा. स्तनपान चालू असताना ती घेता येते. 'घरी गेल्यावर बघू' म्हटलं की ती राहते आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा हाच प्रश्न उभा राहतो. तुम्हीही लसीची तारीख लिहिलेला कागद तुमच्या तपासण्यांच्या फाईलमध्ये लावून ठेवा. लस घेतल्यावर पुन्हा रक्त तपासून बघायची गरज नसते. हा कागदच पुढच्या डॉक्टरांना पुरतो.